क्रोशाच्या विणीवर भरतकाम केल्यावर वीण आखडते किंवा फुगते : तपासणी आणि दुरुस्ती

क्रोशाने विणलेली वस्तू सुईवरून उतरते तेव्हा सपाट असते, आणि तिच्यावर पानाफुलांची एक फांदी भरून झाली की तीच वस्तू टेबलावर धड बसेनाशी होते. हा दोष मी स्वतःच्या कामात अनेकदा केला आहे आणि इतरांच्या टोप्या, पिशव्या, स्वेटर उसवून नीट करताना त्याहून जास्त वेळा पाहिला आहे. पुढे घोटाळा होऊ नये म्हणून विणीतल्या सुताला किंवा लोकरीला मी ‘धागा’ म्हटले आहे आणि भरतकामाच्या सुताला ‘दोरा’.

लक्षणे

तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दात येते: ‘आखडले’. प्रत्यक्षात त्या शब्दाखाली पाच-सहा वेगळे दोष दडलेले असतात आणि त्यांचे उपायही वेगळे असतात, म्हणून वस्तू सपाट जागेवर ठेवून आधी खालीलपैकी काय दिसते ते पाहावे.

– नक्षीकडे चारी बाजूंनी चुण्या धावत येतात, जवळची कड आत ओढली जाते आणि टाक्याच्या दोन्ही टोकांशी विणीला लहान भोके पडलेली दिसतात.

– नक्षी वाटीसारखी वर फुगते, तिच्या भोवतीची वीण लाटेसारखी होते आणि लांब टाके सैल होऊन बोटाला अडकतात.

– वीण सपाट आहे, पण भरलेली रेघ तुटक दिसते, कारण मधले टाके विणीच्या खाचांत बुडाले आहेत.

– नक्षी कागदावर होती तशी न उमटता चपटी किंवा तिरकी झाली आहे.

– दिसायला सर्व ठीक आहे, पण टोपीची कड किंवा गळा पूर्वीसारखा ताणला जात नाही.

– काम पूर्ण झाल्यावर नीट होते आणि पहिल्या धुण्यानंतर बिघडले.

पहिले दोन दोष एकमेकांच्या अगदी उलट आहेत. दुरून दोन्ही ‘गोळा झाल्यासारखेच’ दिसतात, त्यामुळे ताण कमी करायचा तिथे तो वाढवला जातो, आणि उसवण्याची पाळी येते ती बहुधा याच गैरसमजामुळे.

पहिली तपासणी: मोजपट्टी

यासाठी काहीही उसवावे लागत नाही. वस्तू रिंगेतून, म्हणजे भरताना कापड ताणून धरणाऱ्या गोल चौकटीतून, काढलेली असावी आणि ती रात्रभर सपाट पडू द्यावी, कारण रिंगेचा वळ आणि हातात धरून आलेला चुरगळा बऱ्याच प्रमाणात आपोआप जातो. सकाळी नक्षीपासून दूर, कोऱ्या भागात एका ओळीतले विणीचे 10 टाके मोजून त्यांची रुंदी लिहून ठेवावी. मग नक्षीच्या आतले विणीचे 10 टाके मोजावेत, आणि ते वरून दिसत नसतील तर वस्तू उलटी करून मागच्या बाजूने मोजावेत. आतली रुंदी कमी भरली तर दोरा विणीला ओढतो आहे. आतली रुंदी जास्त भरली तर वीण ताणलेल्या अवस्थेत भरली गेली आहे किंवा भरतकामाचे टाके इतके दाट पडले आहेत की त्यांनी धाग्यांना बाजूला रेटले आहे. दोन्ही मापे सारखी असतील तर ताणाचा दोष नाही आणि पुढचा शोध दोऱ्याच्या जाडीत, जागेत किंवा धुलाईत घ्यायचा.

याचे कारण विणीच्या रचनेत आहे. साध्या कापडात उभे-आडवे सूत एकमेकांना जखडून ठेवते आणि त्यामुळे दोऱ्याचा थोडा जास्त ताण कापड पचवते. क्रोशाची वीण मात्र फाशांची असते. एक फासा ओढला की तो शेजारच्या फाशातून धागा खेचून घेतो, तो त्याच्या शेजारच्याकडून, आणि अशा रीतीने एका टाक्याचा ताण दोन-तीन ओळी दूरपर्यंत पोचतो. धागा लवचिक आणि दोरा जवळजवळ न ताणणारा, ही जोडी मुळातच विजोड आहे, आणि तिला सांभाळून घेणे भरणाऱ्याच्या हातात असते.

दुसरी तपासणी: उलटी बाजू

वस्तू पालथी करून मागचा दोरा पाहावा. एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना दोरा न तोडता मागून नेलेला असेल, तर ती उडी पुढच्या कोणत्याही टाक्यापेक्षा जास्त नुकसान करते, कारण पुढचा टाका निदान विणीला धरून असतो आणि मागची उडी दोन टोकांना बांधलेल्या दोरीसारखी ताणलेली असते. सुईचे टोक उडीखाली घालून हलकेच उचलून पाहावे. ती तारेसारखी ताठ लागली आणि उचलताच पुढची चुणी हलली, तर दोषी सापडला असे समजावे.

मुक्या खांबांची, म्हणजे सिंगल क्रोशेच्या आखूड टाक्यांची, एक पिशवी माझ्याकडे दुरुस्तीला आली होती. कोऱ्या भागात 10 टाक्यांची रुंदी 6 सेंटिमीटर होती आणि पानांच्या भागात 5.2. पाने सुबक भरलेली होती, त्यांना हात लावावासा वाटत नव्हता. मागे मात्र तीन पानांना जोडणाऱ्या तीन ताठ उड्या होत्या. त्या मधोमध कापताच माप तिथल्या तिथे 5.7 पर्यंत परतले आणि उरलेला फरक पाण्याने गेला. पुढच्या बाजूचा एकही टाका उसवावा लागला नाही.

उडी कापल्यावर हातात उरणारे टोक फार आखूड असते आणि ते सुईत ओवून विणीत खोचता येत नाही. अशा वेळी क्रम उलटा करावा: रिकामी सुई आधी मागच्या धाग्यांखालून सरकवून तिचे नाक टोकाजवळ आणावे, मग आखूड टोक नाकात घालावे आणि सुई ओढून घ्यावी. दोन नक्ष्यांमधले अंतर सुमारे 1 सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर पुढच्या वेळी प्रत्येकीसाठी वेगळा दोरा घ्यावा. गाठ मारून सुरुवात करणे क्रोशाच्या विणीवर निरुपयोगी आहे, कारण ती गाठ आज ना उद्या भोकातून पुढे येते. टोक 4 ते 5 सेंटिमीटर मागच्या धाग्यांखालून न्यावे आणि एकदा दिशा बदलून परत आणावे. रेयॉनसारखा गुळगुळीत दोरा असेल तर दिशा दोनदा बदलावी.

तिसरी तपासणी: दोऱ्याचा ताण आणि हाताची सवय

मागच्या बाजूला उड्या नाहीत आणि तरीही आतले माप कमी आहे, असे असेल तर पुढचे टाकेच ओढून घेतलेले आहेत. दोरा धाग्याच्या आरपार न जाता धाग्यांच्या मधून गेलेला असेल, तर उसवल्याशिवायही बरेच काही साधते. मागे खोचलेले शेवटचे टोक सोडवून घ्यावे आणि बोथट सुईने शेवटचा टाका किंचित उचलून त्यात ते टोक सोडावे. मग त्याच्या आधीचा, मग त्याच्या आधीचा, असे मागे मागे जात प्रत्येक टाक्याला थोडा थोडा दोरा द्यावा. काम संथ आहे. पण दहा-बारा टाक्यांच्या लहान फुलाला ते पुरते, आणि टोक पुरेसे लांब ठेवले असेल तरच पुरते.

मूळ दोष हाताच्या सवयीत असतो. साध्या कापडावर भरणारी व्यक्ती सुई एका झटक्यात खाली घालून वर काढते आणि त्यासाठी कापड सुईवर किंचित गोळा करते. क्रोशाच्या विणीवर हीच पद्धत वापरली की प्रत्येक टाका गोळा झालेल्या विणीच्या मापाचा, म्हणजे मुळातच आखूड, पडतो. येथे सुई दोन वेगळ्या हालचालींनी चालवावी: सरळ खाली, दोरा पूर्ण ओढून, मग खालून सरळ वर. दुसऱ्या हाताचे एक बोट विणीखाली सपाट धरले म्हणजे दोरा विणीवर टेकल्याचे त्या बोटाला कळते. तो टेकला की थांबावे, त्यानंतरची प्रत्येक ओढ चुणी तयार करते. दोरा साधारण 45 सेंटिमीटरचा घ्यावा, कारण लांब दोरा लोकरीच्या तंतूंमधून पुन्हा पुन्हा जाताना झिजतो, अडकतो आणि अडकला की आपण तो नकळत जोराने ओढतो.

आतले माप जास्त भरले असेल तर संशय रिंगेवर घ्यावा. रिंगेत वीण ढोलासारखी ताणली जाते, भरतकाम त्या ताणलेल्या मापावर होते आणि रिंग काढल्यावर भोवतालची वीण परत जाते, पण भरलेला भाग परत जाऊ शकत नाही आणि फुगतो. ‘भरतकाम म्हटले की रिंग हवीच’ हे साध्या कापडाचे शास्त्र आहे. मुक्या खांबांच्या घट्ट विणीला रिंग लागत नाही असे माझे स्पष्ट मत आहे, आणि लावायचीच असेल तर वीण रिंगेत नुसती बसलेली असावी, ताणलेली नसावी. रिंगेमुळे आलेला फुगवटा दोरा सैल करून जात नाही, तो आणखी वाढतो. टाके विरळ असतील तर ओल्या विणीला आकार देऊन तो काही अंशी बसतो. दाट भरणीचा असेल तर तो भाग उसवून पुन्हा भरण्यावाचून मार्ग नाही.

चौथी तपासणी: सुई

सुईचे टोक बोटावर टेकवून पाहावे. तीक्ष्ण सुई धाग्याच्या पिळातून आरपार जाते आणि दोरा त्या पिळात चिमटला जातो, मग तो ना सैल करता येतो ना सहज उसवता येतो. बोथट टोकाची, मोठ्या नाकाची टॅपेस्ट्री सुई धाग्यांच्या मधून वाट काढते. मध्यम जाडीच्या लोकरीला 18 ते 22 क्रमांकाची सुई चालते. या सुयांमध्ये क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक, हे लक्षात ठेवावे, कारण खरेदीत नेमकी उलट चूक होते.

याला एक अपवाद मी स्वतः पाळते. खेळण्यातल्या बाहुलीच्या भुवया, ओठांची बारीक रेघ अशा ठिकाणी टाका नेमक्या जागी बसावा लागतो आणि विणीची भोके ती जागा देत नाहीत. तिथे तीक्ष्ण सुईने धागाच टोचावा लागतो. मात्र तो टाका उसवताना धाग्याचे तंतू निघतात, म्हणून आधी टाचण्या लावून जागा ठरवावी आणि मगच सुई घालावी.

पाचवी तपासणी: बुडणारे टाके आणि दोऱ्याची जाडी

टाके विणीत गडप होत असतील तर ताण सैल करून उपयोग नाही. भरतकामाचा सुती दोरा सहसा 6 पदरी असतो आणि साध्या कापडावर त्यातले दोन-तीन पदर वापरण्याची सवय हाताला असते. तेच दोन पदर लोकरीच्या विणीवर घातले की ते दोन खांबांमधल्या खाचेत उतरतात आणि रेघ तुटल्यासारखी दिसते. अशा ठिकाणी सहाही पदर घ्यावेत. ते आधी एकेक करून सुटे करावेत आणि मग पुन्हा एकत्र ओवावेत, म्हणजे दोरा पसरट बसतो आणि जास्त जागा झाकतो. त्यानेही भागत नसेल तर विणीच्याच जाडीची लोकर भरतकामाला वापरावी, पण विणीपेक्षा जाड लोकर घेऊ नये, कारण ती धाग्यांना रेटून फुगवटा आणते.

टाक्याचा प्रकारही येथे बोलतो. धावदोरा सर्वात जास्त बुडतो. साखळी टाका रुंद असतो, दोन खांबांवर पसरून बसतो आणि त्यात थोडी लवचिकताही असते, त्यामुळे क्रोशाच्या विणीवरच्या रेघेसाठी माझी पहिली पसंती त्यालाच आहे. बॅक स्टिच, म्हणजे एक पाऊल मागे येऊन पुढे जाणारा टाका, रेघ सरळ देते, पण ताणाला अजिबात जागा देत नाही. टोपीची कड, बाही, गळा अशा ताणल्या जाणाऱ्या भागात आडवी बॅक स्टिच घातली की पाचवे लक्षण हमखास दिसते, आणि त्याला उसवून साखळी किंवा एकमेकांना छेदणाऱ्या तिरक्या टाक्यांचा हेरिंगबोन टाका घालणे हाच इलाज आहे. सॅटिन स्टिचचा, म्हणजे शेजारी शेजारी समांतर टाक्यांनी केलेल्या भरणीचा, एक टाका 1 सेंटिमीटरहून लांब झाला तर तो सैल पडून अडकतोच. मोठे पान मधल्या शिरेपाशी दुभागून भरावे.

विणीच्या वर पाण्यात विरघळणारा पातळ पारदर्शक पापुद्रा, ज्याला स्टॅबिलायझर म्हणतात, टाचून भरतकाम केले तर टाके बुडण्याचे प्रमाण बरेच कमी होते आणि नक्षीही त्याच्यावरच काढता येते. केसाळ लोकरीवर पेनने रेघ उमटत नाही, त्यामुळे ही सोय मोलाची आहे. तो वापरण्याआधी दोऱ्याचा रंग पक्का आहे ना ते पाहावे, कारण हा पापुद्रा पाण्यानेच काढावा लागतो. दोऱ्याचे टोक भिजवून पांढऱ्या सुती कापडावर दाबले की उत्तर मिळते.

सहावी तपासणी: वीण स्वतः

येथपर्यंत दोष सापडला नाही तर वीणच भरतकामाला योग्य आहे का, हे पाहावे लागते. खांबांची, म्हणजे उंच टाक्यांची, विरळ वीण, ज्यात दोन खांबांमधून बोट दिसते, तिच्यावर सुईला टेकायला जागाच नसते. मुक्या खांबांची, नेहमीपेक्षा एक क्रमांक बारीक क्रोशाच्या सुईने घट्ट विणलेली वीण सर्वात चांगली. फुली टाका मोजून भरणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी: मुका खांब चौकोनी दिसला तरी बहुधा उंचीपेक्षा थोडा रुंद असतो, म्हणून चौकटीच्या कागदावरची नक्षी विणीवर चपटी होते. 10 टाक्यांची रुंदी आणि 10 ओळींची उंची मोजून, त्या प्रमाणात नक्षीत ओळी वाढवाव्यात. ओळीचे सगळे फासे लांब सुईवर धरून विणल्या जाणाऱ्या ट्युनिशियन क्रोशाच्या साध्या टाक्यात उभ्या दांड्या स्पष्ट असतात आणि मोजून भरण्यासाठी ती वीण मला मुक्या खांबांपेक्षा सोपी वाटते.

गोल गोल, ओळ न जोडता विणलेल्या खेळण्यांत टाक्यांच्या उभ्या रांगा हळूहळू एका बाजूला कलतात. नाक, ओठ आणि हनुवटी एकाच रांगेवर धरून भरली तर चेहरा वाकडा होतो, आणि दोष भरणाऱ्याच्या हाताला दिला जातो. येथे टाके मोजण्यापेक्षा डोळ्यासमोर दोरा लटकवून मध्यरेषा पाहावी.

वीण विरळच असेल आणि वस्तू पुन्हा विणायची नसेल, तर मागे मऊ जाळीचा तुकडा हातटाक्याने जोडून दोन्ही थरांतून भरावे. इस्त्रीने चिकटणारे अस्तर अ‍ॅक्रिलिक लोकरीला लावू नये. उष्णतेने अ‍ॅक्रिलिकचे तंतू मऊ होऊन चपटे आणि लुळे पडतात आणि ती वीण पुन्हा पूर्ववत होत नाही.

सातवी तपासणी: पाणी

धुतल्यानंतरच दोष दिसला असेल तर धागा आणि दोरा वेगवेगळ्या प्रमाणात आटले आहेत. अ‍ॅक्रिलिक विणीवर न धुतलेला सुती दोरा असेल तर दोरा आटतो आणि चुण्या येतात. सुती विणीवर पॉलिस्टरचा दोरा असेल तर वीण आटते, दोरा तेवढाच राहतो आणि टाके सैल लोंबतात. विणलेली वस्तू भरतकामाआधी एकदा धुऊन, सपाट वाळवून घेतली तर यातले बरेच टळते.

झालेल्या कामाला आकार द्यायचा असेल तर वस्तू थंड किंवा कोमट पाण्यात भिजवावी, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी दाबून काढावे आणि न गंजणाऱ्या टाचण्यांनी मूळ मापावर सपाट टाचून पूर्ण वाळू द्यावी. सूत आणि लोकर या उपायाला चांगला प्रतिसाद देतात, अ‍ॅक्रिलिक फारसे देत नाही. लोकर गरम पाण्यात चोळली तर ती नमद्यासारखी घट्ट होते आणि तो बदल परत फिरत नाही.

शेवटचा उपाय: उसवणे

यात धोका आहे म्हणून हे शेवटी ठेवले आहे. वस्तू उलटी करून, दिवसाच्या उजेडात, बारीक टोकाच्या कात्रीने मागचे टाके एकेक कापावेत आणि पुढून चिमट्याने तुकडे काढावेत. अखंड दोरा ओढून काढण्याचा मोह टाळावा, कारण तो आपल्याबरोबर फासे ओढतो. दोरा आणि धागा एकाच रंगाचे असतील तर कात्रीआधी विणीखाली वेगळ्या रंगाचा कागद सरकवावा आणि प्रत्येक टाका सुईने उचलून, तो सुटा हलतो याची खात्री करून मगच कापावा. उसवलेला भाग भिजवून, टाचून वाळवावा आणि किमान एक दिवस गेल्यावर पुन्हा भरायला घ्यावा.

कुठे थांबावे

विणीचा एखादा धागा कापला गेला असेल तर तिथेच थांबावे. तुटलेल्या जागी भोक पडते आणि वस्तू हाताळली जाईल तसे शेजारचे फासे सुटत जातात, म्हणून त्या फाशांत वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ते धरून ठेवावेत आणि वस्तू रफू करणाऱ्या कारागिराकडे किंवा क्रोशाची दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावी. दोऱ्याचा रंग विणीवर उतरला असेल तर वस्तू वाळू देऊ नये, गरम पाणी आणि इस्त्री लावू नये, आणि थंड पाण्यात एक-दोनदा खळबळूनही डाग हटत नसेल तर घरी ब्लीच न वापरता ती जाणकार ड्रायक्लीनरकडे द्यावी. जुनी, जपून ठेवलेली वस्तू, जिचा धागा बोटात घेताच तुटतो, तिच्यावर वरीलपैकी मोजपट्टीखेरीज काहीच करू नये, भिजवूही नये. ते काम जुन्या कापडांचे जतन करणाऱ्या तज्ज्ञांचे आहे.

कारागिराकडे वस्तू देताना त्याच विणीचा उरलेला धागा सोबत द्यावा, आणि तो नसेल तर वस्तूच्या आतल्या बाजूला खोचलेले लांब टोक कुठे आहे ते दाखवून द्यावे. तुटलेल्या जागी स्वतः गाठ मारून ठेवू नये, कारण दुरुस्तीसाठी आधी ती गाठ कापावी लागते आणि तेवढा धागा कमी पडतो.